कुंपणालगतचा चर

सप्टेंबर अर्धा सरला की इथे अमेरिकेत, अल्फारेटाच्या इंडियन स्टोअरमध्ये अळूच्या जुड्या दिसायला लागतात. ओलसर कागदात गुंडाळलेल्या, देठांना रबर लावलेल्या. दुकानदार गुजराथी आहे, त्याच्या डोळ्यांपुढे पात्रा असतो, म्हणजे त्यांची अळूवडी. आम्ही मराठी बायका मात्र जुडी उचलताना मनातल्या मनात तिथी जुळवत असतो. कुणाची पंचमी, कुणाची नवमी, शनिवार-रविवार जवळ कुठला. त्या जुड्यांपाशी गेले की माझा हात जरा आखडतो आणि मी आधी फोनवर हवामान बघते. समुद्राकडून एखादं वादळ निघालंय का, आमच्या भागात किती पाऊस सांगितलाय. मग कुठे जुडी टोपलीत पडते.

ही सवय एका पितृपक्षाने लावली. तेव्हा ईरा, माझी मुलगी, हायस्कूलमध्ये होती, आणि माझे सासरे, बाबा, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते.

आमचं घर अल्फारेटापासून तासाभरावर आहे, नदीकाठच्या एका लहान गावाच्या कडेला. अल्फारेटातली घरं आमच्या आवाक्याबाहेर गेल्यावर आम्ही इतक्या लांब आलो. घर दाखवणारी बाई मागचं दार उघडून म्हणाली होती, "मागे हिस्टॉरिक पार्क आहे. तुमच्यामागे कधीच कुणी घर बांधणार नाही." सुहासने, माझ्या नवऱ्याने, तिथेच माझ्याकडे बघून मान हलवली. परसाच्या टोकाला लाकडी कुंपण, त्यापलीकडे गवताचं मोठं मैदान आणि मैदानात मातीची टेकाडं. एक खूप मोठं, वरून सपाट, चढायला लाकडी पायऱ्या असलेलं. बाकीची लहान, गोलसर, पालथ्या वाडग्यासारखी. या जमिनीचे मूळ लोक शेकडो वर्षांपूर्वी इथे राहायचे, आणि आपली माणसं याच मातीत पुरायचे. पुढे त्यांच्या वंशजांना या राज्यातून हुसकावून पार ओक्लाहोमापर्यंत चालवत नेलं. हे सगळं पार्कच्या फलकांवर लिहिलेलं आहे. टेकाडांवर चढू नका, काही उचलू नका, हेही लिहिलेलं आहे. संध्याकाळी तिथे हरणं येतात. आम्ही डेकवर चहा पीत ती बघायचो. फलक वाचलेले होते, पण ते कुंपणापलीकडचे.

मला तेव्हा कधीतरी जुनापाणी आठवायचं. नागपूरहून काटोल रोडने आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती. माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं होती. आम्ही एकेका दगडावर बसून डबे उघडले. बाईंनी सांगितलं, मुलींनो, या फार प्राचीन लोकांच्या पुरण्याच्या जागा आहेत. कुणाचा घास थांबला नाही. लोणच्याची फोड एकीकडून दुसरीकडे जात राहिली. त्या दगडांना विचारणारं कुणी नाही हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की त्याचं वाईट वाटायचंही सुचलं नाही.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी कुठून कुठे जाईल हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या सवाष्ण गेल्या म्हणून त्यांचं श्राद्ध अविधवा नवमीला. आल्या आल्या, मे महिन्यात, बाबांनी कुंपणालगत अळूचं आळं केलं. "तिच्या पानावर विकतचा अळू नको," एवढंच म्हणाले. जॉर्जियाची लाल चिकणमाती, उकाडा, दुपारच्या सरी. ऑगस्टपर्यंत पानं सुपाएवढी झाली. बाबा रोज सकाळी त्यांच्यामध्ये उभे राहून दात घासायचे, आणि शेजारची कुत्रं फिरवणारी बाई त्यांना हात करायची.

पितृपक्ष लागला आणि खालच्या समुद्रातल्या वादळाची शेपटी आमच्यावरून गेली. दोन दिवस पाऊस थांबला नाही. अळूच्या आळ्यात गुडघाभर पाणी साचलं. शनिवारी उघडीप मिळताच बाबा फावडं घेऊन निघाले. "अळूला ओल हवी, पण इतकं पाणी नको. मुळं कुजतील. कुंपणाकडे एक चर काढून देतो, पाणी आपसूक जाईल." मी म्हटलं, "बाबा, सुहासला येऊ द्या." ते ऐकणार नव्हतेच.

मी स्वयंपाकघरात होते. फावड्याचा आवाज एका लयीत येत होता. मग तो थांबला. मला थांबल्याचं कळलं ते बऱ्याच उशिरा, आणि खिडकीतून बघितलं तर बाबा चराच्या काठावर बसले होते. उकिडवे नाही, तर मांडी घालून, चिखलात.

मी धावत गेले. मला वाटलं, छातीत कळ आली.

"बाबा, काय झालं?"

त्यांनी खाली बोट दाखवलं. चरात नक्षी उठवलेल्या मडक्याचे दोन तुकडे होते. त्यांच्या खाली काहीतरी तपकिरी, लांबट, आणि त्यावर फावड्याच्या पात्याची ताजी, पांढरी खूण.

"हात आहे," बाबा म्हणाले. "मृणाल, मी कुणाच्या तरी हातावर फावडं मारलं."

ईरा मागून आली. तिने एकदा बघितलं आणि आजोबांच्या खांद्याला धरलं. "आजोबा, डोन्ट टच इट. प्लीज. मम्मा, वी हॅव टू कॉल समबडी."

कुणाला कॉल करायचा, यावर आमचं घर पुढचे तीन दिवस तुटायला आलं.

सुहास आला, त्याने बघितलं, गॅरेजमधून निळी ताडपत्री आणून चरावर अंथरली आणि चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग घरात येऊन हात धुतले. खूप वेळ धुतले. "हे बघा," तो म्हणाला, "कुठल्या तरी जनावराचं असेल. आपण माती ओढून टाकू. विषय संपला."

"डॅड, इट्स ह्यूमन," ईरा म्हणाली. "इट्स द लॉ. यू हॅव टू टेल द पोलीस."

"पोलीस? या घरात?" सुहासचा आवाज चढला. "आजोबा व्हिजिटर व्हिसावर आहेत, माहितीये ना तुला? त्यांनी खणलंय. काय विचारतील, काय लिहून घेतील, कुणाला माहीत? माझ्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलंय. ऑफिसमध्ये माणसं कमी करतायत, रोज कुणाचा तरी नंबर लागतोय. आणि उद्या घर विकायची वेळ आली तर? बॅकयार्डमध्ये माणूस पुरलेलं घर कोण घेतं?"

मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला दोघांचंही पटत होतं. ते दिवस आठवले की हेच आधी आठवतं. माझी बाजूच नव्हती, नुसती भीती होती. मी घरून काम करायची, मीटिंग चालू असताना माझं लक्ष खिडकीतून निळ्या ताडपत्रीकडे. गाडी दारावरून गेली की वाटायचं, आलेच. हवामानाच्या पानावर पुन्हा ढग दिसायला लागले होते. पाऊस आला तर चरातून पाणी वाहणार. बाबांनी उतार इतका नेमका काढला होता की जे काही खाली होतं ते वाहत कुंपणापाशी येऊन उघडं पडलं असतं. मी उठून विटा बघून यायची. पुन्हा उठायची, पुन्हा बघून यायची.

बाबांनी जेवण सोडल्यासारखंच केलं. ताट पुढे आलं की भात चिवडायचे. त्यांचा उजवा हात डाव्या मनगटाच्या वर, जिथे चरातल्या हाडावर खूण होती तिथे, सारखा जायचा. मी एकदा म्हटलं, "बाबा, किती वर्षांपूर्वीचं माणूस आहे ते. त्याला कुठे दुखणार आहे?"

"त्याला नाही दुखत," ते म्हणाले. "पण मला काहून झोप येत नाही मग?"

मंगळवारी सकाळी सुहास ऑफिसला गेला, ईरा शाळेला. मी एक कॉल संपवून बाहेर आले तर बाबांची खोली रिकामी, डेक रिकामं, पुढचं दार नुसतं लोटलेलं. फोन टीपॉयवर. मी सबडिव्हिजनच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, दोन्ही गल्ल्या पायात घरातल्या सपाता घालून पालथ्या घातल्या. कुत्रं फिरवणारी बाई भेटली. तिने हायवेकडे हात केला. त्या हायवेला फूटपाथ नाही. मालाचे ट्रक जातात. मी गाडी काढली आणि कडेकडेने, मागून भोंगे खात गेले. डोळ्यांपुढे जे येत होतं ते मी इथे लिहीत नाही.

बाबा पार्कच्या ऑफिसात होते. फेटा बांधावा तसा टॉवेल डोक्याला, पायांत चिखलाचे बूट. काउंटरपलीकडे खाकी गणवेशातली एक तरुण रेंजर वाकून ऐकत होती. बाबांनी पार्कचा छापील नकाशा उलटा करून त्यावर आमचं परस काढलं होतं. आळं, चर, कुंपण, पाण्याच्या उताराचे बाण. त्यांचं इंग्रजी ऑफिसच्या फायलींमधलं, जोडून जोडून बोलायचं.

"मॅडम, ह्यूमन. धिस मच डेप्थ." त्यांनी स्वतःचा हात पुढे करून मनगटाच्या वर बोट ठेवलं. "हिअर, माय स्पेड. माय मिस्टेक. नॉट माय सन. माय मिस्टेक."

रेंजरने मला बघितलं, खुर्ची पुढे केली आणि बाबांसाठी पाणी आणलं. "त्यांनी योग्य केलं," ती मला म्हणाली. मग फोनकडे वळताना थांबली. "आता मला शेरीफला कळवावं लागेल. घाबरू नका. पण पोलिसांची गाडी येईल."

गाडी आली. एकीच्या दोन झाल्या. लाल-निळे दिवे लावले नव्हते, तरी समोरच्या घरांचे पडदे हलले. सुहास ऑफिसमधून आला तेव्हा त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने बाबांचं नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं, जन्मतारीख विचारली. प्रत्येक उत्तराआधी बाबा सुहासकडे बघायचे आणि सुहास माझ्याकडे. पासपोर्ट कुणी मागितला नाही. तरी तो सुहासच्या खिशात होता, आणि त्याचा हात खिशावर. मग मृत्यूंची तपासणी करणारा सरकारी माणूस आला. चरात टॉर्च मारून त्याने चार मिनिटांत सांगितलं की हे माझ्या खात्याचं काम नाही, हे फार जुनं आहे. अळूच्या आळ्याभोवती पिवळी पट्टी लागली. दुसऱ्या दिवशी राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या दोघीजणी आल्या, काहीही न हलवता मापं घेतली, आमच्या ताडपत्रीच्या जागी एक जाड पांढरं कापड अंथरलं आणि वर छत उभारलं. त्यांनी सांगितलं, ज्यांचं हे माणूस आहे त्यांना कळवलंय, ते ओक्लाहोमाहून निघतायत.

"ज्यांचं?" बाबांनी मला विचारलं. "म्हणजे काय? ज्यांचं म्हणजे कोण?"

आमच्या अल्फारेटाच्या मित्रमंडळींपर्यंत बातमी एका संध्याकाळीत पोचली. कुणी म्हणालं, शांत करून घ्या, गुरुजींचा नंबर देतो. कुणी म्हणालं, "यार सुहास, गप्प माती लोटायची होतीस. आता घराची व्हॅल्यू गेली." सुहास ते ऐकून फोन ठेवायचा आणि कुठल्या तरी वेबसाइटवर आमच्याच घराची किंमत बघत बसायचा. त्याच्यावर रागवायचंही मला सुचत नव्हतं. मध्येच आभाळ भरून यायचं, छताच्या कापडावर चार थेंब वाजायचे, आणि आम्ही चौघं चार खिडक्यांशी जाऊन उभे राहायचो.

ते आले नेमके नवमीला.

मी पहाटेपासून ओट्याशी होते. वडे, खीर, कढी, आमसुलाची चटणी. अळू पट्टीच्या आतला, म्हणून तो नव्हता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सासूबाईंचा फोटो, पुढे पान मांडलेलं, आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात एक साठीची बाई, सैल निळा शर्ट, गुडघ्याला पट्टा. सोबत एक तरुण, त्याने टोपी काढून हातात धरलेली. दोघं इतक्या लांबून गाडी चालवत आले होते आणि तसे दिसत होते. बाईंनी आधी बाथरूम विचारलं. मग त्या डायनिंग टेबलाशी टेकल्या, पाय लांब केला आणि पान, फोटो, दिवा यांच्याकडे बघून म्हणाल्या, "आम्ही चुकीच्या दिवशी आलो का?"

ईराने सांगितलं, आज आजीचा दिवस आहे. आमच्यात हा पंधरवडा गेलेल्यांचा असतो. बाई "ओह," म्हणाल्या. मग त्यांनी सरळ कामाचं सांगितलं. त्यांच्या लोकांना ते माणूस कुठेही न्यायचं नव्हतं. पेटीत नाही, म्युझियममध्ये नाही, पार्कातही नाही. जिथे ठेवलं होतं तिथेच, जसं होतं तसं पुन्हा झाकायचं. त्याला तुमची परवानगी हवी, आणि पुढे तिथे कुणी खणणार नाही असा शब्द.

सगळे सुहासकडे बघायला लागले. तो टेबलाच्या कडेवर नखाने काहीतरी खरडत होता. "आम्ही हे घर विकलं तर?" त्याने विचारलं. आवाजात उद्धटपणा नव्हता, थकवा होता.

"तर आम्ही नव्या लोकांशी बोलू," बाई म्हणाल्या. "बोलायची सवय आहे आम्हाला."

तेव्हा बाबा उठले. हातात तांब्याची पळी होती, तशीच. "ईरा, तिला सांग. मला माहीत नव्हतं. मी पाणी काढून देत होतो."

ईराने सांगितलं.

"आणि हेही सांग. आज मी हिच्यासाठी पाणी सोडतो आहे. आपल्यात ज्यांचं कुणी राहिलं नाही, त्यांच्या नावानेही सोडतात. त्या माणसाच्या नावानेही सोडतो म्हणावं. मला नाव माहीत नाही, पण चालते. एवढं मला करू द्या."

ईराला 'पाणी सोडणं' इंग्रजीत आणताना त्रास झाला. ती दोनदा अडखळली. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्या बाबांकडे बघून हळू बोलल्या, आणि ईराने ते तिच्या मोडक्या मराठीत आमच्याकडे आणलं.

"त्या म्हणतात, थँक यू. तुम्ही ऑफिसला चालत गेलात, ते त्यांना रेंजरने सांगितलं. पण आजोबा, त्या म्हणतात... ज्यांचं कुणी नाही, असं नाहीये ते. दे हॅव पीपल. त्यांची माणसं आहेत. म्हणून तर आलो, म्हणतात."

बाबा पळी धरून उभे राहिले. मला वाटलं, त्यांना लागलं. इतके दिवस त्या एका गोष्टीवर ते तग धरून होते, की नवमीला आपण काहीतरी करू आणि आपल्या हातून जे झालं ते जरा हलकं होईल. ते करायची गरजच नाही, असं कुणीतरी घरात येऊन सांगत होतं. मी पुढे होणार, तोच ते हळूच म्हणाले, "म्हणजे वारस आहेत." कोर्टातला शब्द, पण त्यांनी तो असा उच्चारला की जणू हरवलेलं पोर सापडल्याचं कळलंय. "बरं झालं. बरं झालं बाप्पा." मग त्यांनी विचारलं, "माणूस होता की बाई? म्हातारं होतं की तरुण?"

बाईंनी मान हलवली. ते आम्ही सांगत नाही.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "घरातली गोष्ट आहे."

सुहासने तेव्हा वर बघितलं. "करा," तो म्हणाला. "जसं करायचं तसं करा. कागद असेल तर आणा, मी सही करतो."

त्यांनी आम्हाला एकच विनंती केली, काम होईपर्यंत मागे बघू नका. आम्ही परसाकडचे सगळे पडदे ओढले. ईराने तिचा फोन बंद करून फ्रिजवर ठेवला. दुपारच्या वेळी घरात तिन्हीसांजेसारखा अंधार झाला. बाबांनी सासूबाईंच्या पानापुढे पाणी सोडलं आणि मागून, काचेपलीकडून, त्या दोघांचे आवाज यायला लागले. ते बोलत होते की मंत्रासारखं काही म्हणत होते, मला कळलं नाही. भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता. मग माती पडल्याचा आवाज. फावड्याचा नाही, हातांनी लोटल्याचा, मऊ. तो बराच वेळ येत राहिला. सुहास जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. त्याचे डोळे मिटलेले. ईरा त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून.

जाताना बाईंनी आत काही खाल्लं नाही, पण मी डब्यात घालून दिलेली खीर आणि वडे घेतले. "वाटेत खाऊ," म्हणाल्या. गुडघा धरून गाडीत चढल्या. त्या रात्री बाबांनी दोनदा भात मागून घेतला.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. परसाच्या टोकाची जमिनीची पट्टी पार्ककडे गेली, कुंपण अळूच्या आळ्याच्या अलीकडे सरकलं. आळं त्यांनी उपटलं नाही. हिवाळ्यात ते आपसूक गेलं आणि त्या जागी आता गवत आहे. घराची किंमत किती उतरली ते आम्हाला ठाऊक नाही, कारण घर आम्ही विकलं नाही. बाबा नोव्हेंबरात नागपूरला परतले. फोनवर हवापाण्याच्या गप्पांत ते कधीकधी विचारायचे, "तिकडे येऊन गेलं का कुणी?" मी सांगायची, हो, वसंतात दोन गाड्या आल्या होत्या, कुंपणापलीकडे थोडा वेळ उभे होते. ते म्हणायचे, "येत जातील. येत जातील."

माझी काळजी मात्र त्या दुपारनंतर दुसरीकडेच वळली. त्या लोकांना इथून हाकललं होतं, आणि एका फोनवर ते रात्रभर गाडी चालवत आले. आम्ही स्वतःच्या पायांनी आलो, आणि आम्हाला जायला यायला किती गोष्टी जुळून याव्या लागतात. हे मी सुहासला कधी बोलून दाखवलं नाही. तोही त्या पट्टीकडे बघत उभा राहिला की काय मनात असतं, ते मला सांगत नाही.

या वर्षी ईरा कॉलेजात आहे. परवा पहाटे नणंदेचा नागपूरहून फोन आला. बाबांना ॲडमिट केलंय, श्वास पुरत नाही, डॉक्टर म्हणतायत यायचं असेल तर आता या. सुहासने वकिलाला विचारलं. तो म्हणाला, पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का जुना झालाय. देशाबाहेर गेलात तर परतायला नवा लागेल, त्याची अपॉइंटमेंट कधी मिळेल ते सांगता येत नाही, आणि तोवर नोकरी राहील याची मी खात्री देत नाही. शक्यतो जाऊ नका.

सुहासने फोन ठेवला. मी चहा केला, तो निवला. मागच्या काचेतून गवतावर ऊन आलं होतं आणि एक हरणी मान खाली घालून चरत होती. मी वाट बघत होते की तो मला विचारेल, मृणाल, काय करू? मी उत्तरही जुळवून ठेवलं होतं, दोन्ही बाजूंचं.

त्याने विचारलं नाही. लॅपटॉप उघडला, माझ्याकडे चष्मा मागितला आणि तिकिटं बघायला लागला. मी बॅग काढायला वर गेले.